साठ वेळा जागे झालेले यान

२१ जानेवारी २००४. मंगळावरील गुसेव्ह विवरात ‘स्पिरिट’ नावाची सहा चाकांची बग्गी आपला यांत्रिक हात ‘ॲडिरॉन्डॅक’ नावाच्या दगडावर टेकवून उभी होती. उतरून अठरावा मंगळदिवस चालू होता. तिच्या एका उपकरणातील आरसा फिरवणाऱ्या मोटारीची चाचणी त्या सकाळच्या कामांत होती. त्या चाचणीच्या सुमारास पृथ्वीशी चाललेला संवाद मध्येच तुटला.

कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे, नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत, प्रथम कोणी फारसे घाबरले नाही. ऑस्ट्रेलियातील कॅनबेराजवळच्या ज्या महाकाय अँटेनामार्फत संदेश जात होते, तेथे त्याच वेळी गडगडाटी पाऊस पडत होता. दोष पावसाच्या माथी मारणे सोपे होते. पाऊस ओसरला, तरी यान बोलेना.

घरातला संगणक अचानक बंद पडून पुन्हा पुन्हा स्वतःच चालू होऊ लागला, तर मनुष्य काय करतो? वायर काढतो, झाकण उघडतो, फारच झाले तर शेजारच्या जाणकाराला हाक मारतो. येथे आजारी संगणक कोट्यवधी किलोमीटर दूर होता. एक संदेश पोहोचायला सुमारे दहा मिनिटे, उत्तर यायला आणखी दहा. शिवाय तीनच दिवसांनी ‘ऑपॉर्च्युनिटी’ हे जुळे भावंड मंगळाच्या दुसऱ्या बाजूला उतरणार होते. त्याच्या पोटातही हाच संगणक आणि हेच सॉफ्टवेअर होते. एका यानाला लागलेला रोग सॉफ्टवेअरचा असेल, तर सुमारे ८२ कोटी डॉलरची दोन्ही याने त्याच खड्ड्यात जाणार होती.

दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या आज्ञेला एक क्षीण ‘बीप’ उत्तर आले. त्यातून एवढेच कळले, की यान जिवंत आहे आणि त्याला ऐकू येते. २३ तारखेला प्रत्यक्ष माहितीचे थेंब पडू लागले, तेही सेकंदाला १० बिट या गतीने, मग १२० बिट. हाती आलेले चित्र चमत्कारिक होते. यानाचा संगणक साठाहून अधिक वेळा बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता. त्याहून वाईट म्हणजे, रात्री त्याने झोपायला हवे होते आणि तो झोपतच नव्हता. सूर्य मावळल्यावर सौरपत्रे निकामी, संगणक मात्र जागा. विद्युतघट रिकामा होत चालला होता आणि अंतर्भागातील यंत्रणा तापत होती. मोहिमेचे व्यवस्थापक पीट थायसिंगर यांनी पत्रकारांसमोर रुग्णालयाची भाषा वापरली आणि रुग्णाची प्रकृती अत्यवस्थ असल्याचे सांगितले.

आता निदान. संशयित बरेच होते. आरशाची मोटार जळाली का? वीजपुरवठ्यात बिघाड झाला का? साठवणीची चकती फुटावी तशी स्मृतीच फुटली का? (चकती येथे नव्हतीच. थरथराट आणि थंडी सोसणारी फ्लॅश स्मृती होती.) यानाचा प्रोसेसर ‘रॅड ६०००’ हा किरणोत्साराला दाद न देणारा, पण गती अवघी २० मेगाहर्ट्‌झ. कामाची रॅम १२८ मेगाबाइट, साठवणीची फ्लॅश २५६ मेगाबाइट. आज खिशातल्या मोबाइलमधील दोन-चार चित्रफितींनीही ती भरून जाईल.

उड्डाण-सॉफ्टवेअरचे शिल्पकार ग्लेन रीव्हज यांना असल्या रोगाचा पूर्वानुभव होता. १९९७ साली ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर वारंवार स्वतःला रीसेट करू लागले, तेव्हा त्याच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी त्यांच्याकडेच होती. त्या वेळचे कारण निराळे, परंतु लक्षण तेच. वारंवार रीसेट होणारे यान पाहिले, की तज्ज्ञाच्या मनात पहिला प्रश्न उठतो: सुरू होताना ते नेमक्या कोणत्या पायरीवर अडखळते?

संगणक चालू होताना एक ठरलेला क्रम असतो. आधी मूळ सॉफ्टवेअर रॅममध्ये येते, मग साठवणीची फाइल-व्यवस्था उघडली जाते, मग बाकीची कामे. स्पिरिट याच दुसऱ्या पायरीवर कोलमडत असेल, तर प्रत्येक पुनर्जन्म त्याच दगडावर आपटणार. तेथे पडले की रीसेट, रीसेट झाले की पुन्हा तीच पायरी. झोप न लागण्याचे कोडेही यातून उलगडत होते. झोपण्यापूर्वी फाइल-व्यवस्था नीट मिटावी लागते, आणि ती सांभाळणारी प्रक्रियाच गोठलेली होती.

सुदैवाने यान बांधतानाच कोणीतरी एक मागचा दरवाजा ठेवला होता. त्या आज्ञेचे इंग्रजी नाव मराठीत आणले, तर अर्थ होतो ‘पांगळ्या अवस्थेत सुरू हो’. म्हणजे फ्लॅशला हातही न लावता, रॅममध्येच तात्पुरती फाइल-व्यवस्था मांडून जागे व्हायचे. घरच्या संगणकाच्या ‘सेफ मोड’चा हा आंतरग्रहीय चुलतभाऊ. २४ जानेवारीला ती आज्ञा गेली आणि यान शांत झाले. रीसेट थांबले, सांगितल्या वेळी ते झोपले, व्यवस्थित बोलू लागले. अत्यवस्थ रुग्ण आता केवळ ‘गंभीर’ राहिला होता. कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे त्याच रात्री ऑपॉर्च्युनिटी मेरिडियानी पठारावर सुखरूप उतरले.

तरीही मूळ कारण हाती यायचे होते, आणि ते समजले तेव्हा त्यात एकही तुटलेला भाग निघाला नाही. फ्लॅश धडधाकट होती. तीत साचलेल्या फाइलींची संख्या मात्र अफाट झाली होती.

फाइल-व्यवस्था जुन्या डॉस पद्धतीची होती. सरकारी कचेरीतील आवक-जावक रजिस्टर डोळ्यांसमोर आणावे. नोंद रद्द झाली तरी ओळ खोडली जाते, पान फाडले जात नाही. त्याचप्रमाणे फाइल पुसली तरी निर्देशिकेतील तिची जागा आटत नाही. निर्देशिका एकदा जितकी फुगली तितकीच राहते. आणि स्पिरिटवर हे संपूर्ण रजिस्टर दर वेळी रॅममध्ये उतरवून घेतले जात असे. सात महिन्यांच्या प्रवासातल्या फाइली त्यात होत्या, त्यांवर अठरा दिवसांच्या विज्ञानकार्याची भर पडली. अखेर रजिस्टर ठेवायला टेबलावर जागा उरली नाही.

तेथे दोन जुळण्यांची चूक घातक ठरली. फाइल-व्यवस्थेने किती स्मृती घ्यावी याला मर्यादा घातलेली नव्हती. आणि स्मृती मागून मिळाली नाही, तर ‘नाही’ असे उत्तर देऊन पुढे जाण्याऐवजी मागणारी प्रक्रियाच स्थगित करावी, अशी दुसरी जुळणी होती. ती प्रक्रिया थांबली की देखरेख करणारा भाग धोका ओळखून संपूर्ण संगणक रीसेट करी. प्रत्येक घटक आपापले कर्तव्य चोख बजावत होता. पृथ्वीवरील चाचण्यांत हा दोष उघड झाला नाही, कारण तेथे इतक्या फाइली साचू देण्याइतका काळ एकही चाचणी सलग चालली नव्हती.

सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट पुढे आहे. जुन्या फाइली साफ करण्याचे काम अभियंत्यांच्या यादीत होते. त्यासाठीचा छोटा प्रोग्राम पंधराव्या मंगळदिवशी दोन तुकड्यांत पाठवला गेला. एकच तुकडा पोहोचला. दुसरा पुन्हा पाठवण्याचे ठरले एकोणिसाव्या दिवशी. यान अठराव्या दिवशी कोसळले.

उपचार सावकाश झाला. रोज सकाळी यानाला आधी पांगळ्या अवस्थेत उठवायचे, मग काम. प्रवासकाळातील जुन्या फाइली पुसल्या गेल्या, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपूर्ण फ्लॅश नव्याने फॉरमॅट करण्यात आली. लगेच स्पिरिटने अर्धवट राहिलेले काम हाती घेतले आणि ॲडिरॉन्डॅकच्या पृष्ठभागावर सुमारे साडेचार सेंटिमीटर व्यासाचे, तीन मिलिमीटरांहूनही उथळ वर्तुळ खरवडले. मंगळावरील दगडाचा अंतर्भाग मानवी यंत्राने उघडा करण्याची ती पहिली वेळ होती. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेले हे यान मार्च २०१० पर्यंत बोलत राहिले.

मागचा दरवाजा मात्र त्यानंतरही उपयोगी पडला. ऑगस्ट २०१४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी डझनभराहून अधिक वेळा रीसेट झाले. या खेपेस फ्लॅश खरोखरच झिजली होती. दहा वर्षे लिहून-पुसून तिच्या पेशी थकल्या होत्या. सप्टेंबरमध्ये ती फॉरमॅट केली, तरी विस्मरण परत आले. शेवटी अभियंत्यांनी यानाला फ्लॅशविना जगायला लावले. दिवसभर टिपलेले रॅममध्ये ठेवायचे आणि झोपण्यापूर्वी कक्षेतील यानाकडे सोपवायचे, कारण वीज बंद होताच रॅम कोरी होई. संदेशाची वेळ हुकली, तर तो दिवस पुसला जाई. जून २०१८ च्या धुळीच्या वादळात त्याचा आवाज कायमचा हरपला.