मुंबईचा रक्तगट आणि माझा फळ्यावरचा चौकोन

मंडळी, परवा नातीने फोनवर विचारलं, "आजोबा, आईबाबा दोघे 'ओ' असले तर मूल 'ओ'च ना?" मी हो म्हणता म्हणता थांबलो. याच उत्तराने मी एकदा एका घरात आग लावली होती.

१९९० च्या आसपासची गोष्ट. मी मराठी-इतिहासाचा मास्तर. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि आनुवंशिकतेचा धडा माझ्या गळ्यात पडला. फळ्यावर चार घरांचा चौकोन काढला आणि ठणकावून सांगितलं, "ओ आणि ओ, म्हणजे ओच. शंभर टक्के." त्याच सुमारास शाळेत रक्तगट तपासून झाले होते. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "सर, आवस-बापूस दोघांय 'ओ', मगे मी 'बी' कसो?" मी म्हटलं, तपासणीत चूक असेल. पण वर्ग हसला, आणि ते हसू मालवणच्या बाजारापर्यंत गेलं. पुढे कित्येक महिने त्या घरात नवरा बायकोशी बोलत नव्हता म्हणतात.

खरं उत्तर त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं मुंबईत सापडलेलं होतं! १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तगट जाहीर केला. साध्या तपासणीत तो 'ओ' दिसतो, पण त्या माणसाला 'ओ'चं रक्तही चालत नाही. जगभर त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात.

ए आणि बी हे जणू खुंटीवर टांगलेले सदरे. खुंटीचं नाव एच. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून एचचं बिघडलेलं जनुक आलं तर खुंटीच नाही. मग सदरा घरात असून दिसत नाही. पण तो पुढच्या पिढीला देता येतो. १९५५ साली अमेरिकेत लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी एका इटालियन कुटुंबात हेच दाखवलं. आई दिसायला 'ओ', पण तिच्याकडून मुलीला 'बी' मिळालेला.

आता थोडं गणित, कंटाळू नका. आपल्याकडे हा गट ढोबळमानाने दहा हजारांत एकाचा. युरोपात तर दहा लाखांत एखादा. म्हणजे आपल्यात बिघडलेलं एक जनुक बाळगणारे सुमारे ५० त १. असे दोघे एकत्र येण्याची शक्यता २५०० त १, आणि त्यांचं मूल या गटाचं होण्याची ४ त १. गुणाकार बरोबर दहा हजार. पण नवराबायको आते-मामे भावंडं असतील तर? एक वाहक असला की दुसराही असण्याची शक्यता ५० त १ ची सुमारे ७ त १ होते, आणि दहा हजाराचे चौदाशे होतात. हे लोकसंख्येचं गणित १९०८ साली हार्डीने मांडलं, त्याचा क्रिकेटमधला जोडीदार पनेट याच्या शंकेवरून. हाच हार्डी पुढे रामानुजनचा. आणि फळ्यावरचा तो चौकोन पनेटचाच! असो.

नऊ-दहा वर्षांनी त्या बाईंचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. 'ओ'ची एकही पिशवी जुळेना. नमुना मुंबईला गेला तेव्हा उलगडा झाला. त्यांचे आईवडील आते-मामे भावंडं होते. रक्त द्यायला त्यांची तीन भावंडं आली. प्रत्येकाची शक्यता ४ त १, म्हणजे तिघांपैकी एक तरी जुळण्याची ६४ त ३७. पहिले दोघे जुळले नाहीत म्हणून तिसऱ्याची शक्यता वाढत नाही, नशीब मागचं लक्षात ठेवत नाही. तरी धाकटा भाऊ जुळला.

हे सगळं मला त्या पोरानेच येऊन सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. माफी कशी मागावी कळेना, नुसताच ओट्यावर बसलो. बाईंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमी पोरांक सांगितल्यात तां पुस्तकातलांच मा?"

मी हो म्हटलं. त्यांचे यजमान मात्र उठून आत गेले.