शेताबाहेर पळालेल्या नायट्रोजनचा हिशोब

कॅनडा आणि प्रदूषण म्हटलं की लोकांना अल्बर्टातलं तेल आठवतं, नाहीतर थंडीत अखंड चालणारी घरातली हीटिंग. शेतीचं नाव कुणी घेत नाही. पण या देशाच्या हरितगृह वायूंपैकी साधारण दहावा हिस्सा शेतीतून येतो. गंमत म्हणजे त्यातला काही भाग शेतात तयारच होत नाही! सरकारी हिशोबात त्याला 'अप्रत्यक्ष उत्सर्जन' म्हणतात. मी पडलो केमिकल इंजिनियर. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून आज हा हिशोब.

समजा, शेतकऱ्याने युरियातून १०० किलो नायट्रोजन टाकला. म्हणजे आपल्याकडची ४५ किलोची जवळजवळ पाच पोती. पिकाला लागला तेवढा त्याने घेतला. उरलेल्यातला काही अमोनिया होऊन उडतो आणि कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या रानावर किंवा जंगलावर पावसाबरोबर उतरतो. काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर झिरपतो आणि ओढ्याला, तळ्याला मिळतो. तिथले जिवाणू त्यातल्या थोड्याचा नायट्रस ऑक्साइड करतात. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक. आयपीसीने २००६ साली दिलेले सर्वसाधारण आकडे धरले, तर १०० किलोतले १० किलो हवेत जातात आणि ३० किलो पाण्यात. त्यातून शेवटी नायट्रस ऑक्साइड बनतो जेमतेम अर्धा किलो. पण तेवढाच सुमारे १४० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. आता ही पाच पोती लाखो शेतांनी गुणा.

ही पोती इथे आली कशी, हा खरा इतिहास आहे.

१८५७ ते १८६० मध्ये जॉन पॅलिसरने पश्चिमेकडची प्रेअरी पालथी घातली आणि दक्षिणेकडचा कोरडा त्रिकोण शेतीला नालायक ठरवला. तरी माणसं आली, गहू पेरू लागली. पाऊस कमी, म्हणून एक वर्ष पीक आणि एक वर्ष जमीन पड. ओल साठावी म्हणून पड जमीन उन्हाळाभर पुन्हा पुन्हा नांगरायची. त्यामुळे मातीतला सेंद्रिय भाग कुजून नायट्रोजन मोकळा व्हायचा आणि गव्हाला फुकटात मिळायचा. फुकट कसला, मुद्दलच खाणं चाललं होतं! १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि ही उघडी माती वाऱ्याने उचलली. १९३५ साली सरकारने प्रेअरीच्या पुनर्वसनासाठी खास खातं काढलं. तरी १९७० च्या दशकातही दरवर्षी सुमारे एक कोटी हेक्टर जमीन पडच असायची.

मग बिननांगरटीची पेरणी आली. १९९१ साली पेरलेल्या जमिनीपैकी जेमतेम ७ टक्क्यांवर ती होत होती; २०११ साली ५६ टक्क्यांवर. पड जमीन जवळजवळ संपली. धूळ थांबली, मातीत कार्बन साठू लागला. पण आता दरवर्षी पीक, त्यातही नायट्रोजनची मोठी भूक असलेला कॅनोला. मातीतलं फुकटचं बंद झालं, पोत्यातलं सुरू झालं. १९९० साली रासायनिक खतांतून सुमारे १२ लाख टन नायट्रोजन जात होता. २०२० पर्यंत तो दुपटीहून जास्त झाला.

दुसरीकडे शेणामुताचा अमोनिया. २००३ च्या मे महिन्यात अल्बर्टात एका गायीला 'मॅड काऊ' रोग निघाला, अमेरिकेने सीमा बंद केली आणि २००५ नंतर इथली गुरं घटत गेली. त्यांचा वाटा उतरला, पण पोत्यांनी ती कसर भरून काढली.

सगळा देशही सारखा नाही. फिलिप रोशेट आणि सहकाऱ्यांनी २००८ साली कॅनडासाठी वेगळी पद्धत मांडली. तिच्यात कोरड्या प्रेअरीवर झिरपणारा हिस्सा ५ टक्क्यांपर्यंत खाली येतो, तर ओल्या पूर्वेकडे ३० टक्क्यांपर्यंत जातो. पूर्वेच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर बटाट्याची शेती आणि पिण्याचं सगळं पाणी जमिनीखालचं. तिथे पाण्यातल्या नायट्रेटवर सरकारला आयोगच नेमावा लागला होता.

एक इशारा. पाण्यात गेलेल्या नायट्रोजनपैकी किती नायट्रस ऑक्साइड होतो, याचा आयपीसीचा १९९६ सालचा आकडा अडीच टक्के होता. २००६ साली तो पाऊण टक्का झाला. नियम बदलला की १९९० पासूनच्या सगळ्या वह्या नव्याने लिहितात. म्हणून जुन्या अहवालातला आकडा नव्या अहवालाशेजारी ठेवून 'वाढलं', 'घटलं' म्हणू नका.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारने खतांमुळे होणारं उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के कमी करायचं जाहीर केलं. २०२२ साली शेतकरी खवळले. सरकार म्हणे, हे ऐच्छिक आहे, आणि खत नव्हे, उत्सर्जन कमी करायचंय. शेतकरी म्हणे, खत कापल्याशिवाय ते होणार कसं? मला शेतकऱ्याचा राग समजतो. माती वाचवा म्हटलं, त्याने वाचवली. आता त्याच पद्धतीचं बिल हातात. पण मार्ग आहेत. इथे बरंच खत पेरणीबरोबरच मातीच्या आत जातं, त्यामुळे उडणारा अमोनिया कमी होतो.

दुसरा मार्ग तुमच्या डब्यात आहे: मसूर! सस्कॅचेवानमध्ये १९७८ साली 'लेअर्ड' वाण आलं आणि पुढे हा प्रांत मसुराचं कोठार झाला. हे पीक मुळांवरच्या गाठींतून स्वतःचा नायट्रोजन स्वतः मिळवतं. डिसेंबर २०१७ मध्ये भारताने मसुरावर ३० टक्के आयातकर लावला, आणि इथलं मसुराखालचं क्षेत्र घटलं. आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा हे योग्यच. पण दिल्लीतल्या एका निर्णयाने इथली पेरणी बदलते, तर इथला हिशोब फक्त इथला कसा म्हणायचा?

आपल्याकडे युरिया स्वस्त, आणि तो फेकून देण्याची सवय. पोतं फोडताना एवढं लक्षात असू द्या: जो पिकाला लागला नाही, तो संपलेला नसतो. तो आधी विहिरीत येतो, मग हवेत.