एका चवीचा चहा



मी कामगारांत वावरणारा माणूस. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण मुलुंडच्या लोकलमध्ये आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. चिनी चहावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की कारखान्यांच्या फाटकांवर गेली तीस वर्षे सभा घेताना मी अगणित पेले चहा प्यालो आहे.

'चहा' हा शब्द मुळी चिनी 'चा'च्या कुळातला. इंग्रजांचा 'टी' मात्र फूकिएन किनाऱ्यावरच्या 'ते'पासून डचांच्या मार्फत गेला. या पेयाचे पहिले शास्त्र आठव्या शतकात लू यू याने लिहिले. हा पोरका मुलगा बौद्ध मठात वाढला, अशी परंपरा आहे. त्याच्या 'चा जिंग' या दहा प्रकरणांच्या ग्रंथात पाण्याचीही प्रतवारी आहे : डोंगरझऱ्याचे उत्तम, नदीचे मध्यम, विहिरीचे कनिष्ठ. आधणाला माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आले की पहिली उकळी. कडेने मोत्यांच्या सरी सुटल्या की दुसरी. लाटा उसळल्या की तिसरी, आणि त्यापुढे पाणी वाया गेले. आले, पुदिना, संत्र्याची साल घालून उकळलेला चहा त्याच्या लेखी गटारात ओतण्याच्या लायकीचा. आपल्या आल्याच्या चहाचे त्याने काय केले असते, ते सांगायला नको! पण चहा हा सदाचारी, साध्या राहणीच्या माणसाला शोभतो, हे त्याचे मत मला पटते.

सुंग काळात चहाच्या वड्यांची पूड करून ती गरम पाण्यात घुसळीत. या वड्या राजदरबारी नजराणा म्हणून जात. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने हा नजराणा बंद केला. कारण, त्या वड्या बनवण्यात प्रजेचे फार श्रम खर्च होत. तेव्हापासून सुटी पाने गरम पाण्यात मुरवण्याची रीत पसरली. आज आपण चहाची पत्ती वापरतो, त्यामागे मजुराच्या कष्टांचा विचार आहे, हे आम्हां संघटनेच्या माणसांना विसरता येत नाही.

फूकिएन आणि चाओचौ भागांत इवल्याशा किटलीतून इवल्याशा पेल्यांत चहा ओततात. एक पेला भरून मग दुसरा भरत नाहीत. सगळ्या पेल्यांवरून धार गोल गोल फिरवतात आणि शेवटचे थेंबही वाटून टाकतात. हेतू हा, की पहिल्याला फिका आणि शेवटच्याला कडू असे होऊ नये. सर्वांना एकच चव मिळावी.

आपल्या मुंबईला मात्र हा चहा माणुसकीच्या वाटेने भेटला नाही. चिनी चहाचे मोल इंग्रजांना चांदीत चुकवावे लागे. ती चांदी वाचवण्यासाठी त्यांनी अफू पुढे केली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला गेली. त्यात सर जमशेटजी जिजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी संपत्ती मिळवली, आणि त्यातून इस्पितळेही उभी राहिली. १८३९ ते १८४२ मध्ये या अफूपायी युद्ध झाले. आसामात इंग्रजांचे मळे उभे राहिले तेव्हा करारात अडकलेल्या मजुरांनी तो चहा पिकवला.

मग तो चहा आपल्या समाजात कसा शिरला? १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा आला. गोपाळराव जोशांनी नावे छापून आणली आणि गावात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतले. ज्या रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्यांनाच एका पेल्याचा हा हिशेब द्यावा लागला. चहा कुणाच्या हातचा, हाच सारा प्रश्न.

तो प्रश्न १८९० मध्येच संपला असे मात्र समजू नका. माझ्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्यासाठी कान तुटलेला कप वळचणीला वेगळा ठेवलेला असे. पिऊन झाल्यावर वडील तो स्वतः विसळीत. मुंबईत आल्यावर एका संपात, पावसाळ्यातल्या रात्री, फाटकापाशी एकच किटली आली आणि सहाच पेले. माणसे चाळीस होती. जो पेला रिकामा होई, तो विसळून पुढच्याच्या हाती जाई. मी जात विचारली नाही, कुणी मला विचारली नाही. त्या रात्रीचा चहा फिकाच होता. पण शेवटच्या माणसालाही तो तितकाच फिका मिळाला.