स्त्रियांचे शरीरकेस

स्त्रियांचे शरीरकेस म्हणजे डोक्यावरील केस वगळता स्त्रीच्या चेहऱ्यावर व शरीरावर येणारे केस होत. काख, जांघ, हात, पाय, पोट आणि वरचा ओठ ही त्यांची प्रमुख ठिकाणे आहेत. हे केस येणे ही सर्वसाधारण शारीरिक प्रक्रिया आहे. ते ठेवावेत की काढावेत याविषयीचे संकेत मात्र काळ, प्रदेश, धर्म आणि सामाजिक स्तर यांनुसार बदलत आले आहेत. केशविरहित स्त्रीशरीर हा सौंदर्याचा निकष आज जगाच्या मोठ्या भागात रूढ असला, तरी त्याचे सध्याचे व्यापक रूप प्रामुख्याने विसाव्या शतकात घडले.

## शरीरशास्त्र

गर्भावस्थेत बाळाच्या अंगावर आलेली मऊ लव बहुधा जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर काही आठवड्यांत गळते. तिच्या जागी बारीक, आखूड व फिकट केस येतात. पौगंडावस्थेत अँड्रोजेन गटातील संप्रेरकांच्या प्रभावाने काही ठिकाणच्या अशा केसांचे रूपांतर जाड, लांब व गडद केसांत होते. ही संप्रेरके पुरुषांची म्हणून ओळखली जात असली, तरी स्त्रियांच्या अंडाशयांत आणि अधिवृक्क ग्रंथींतही ती तयार होतात.

केसांचे प्रमाण केवळ संप्रेरकांच्या पातळीवर अवलंबून नसते. त्वचेतील केशपुटके (केसांची मुळे सामावणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) या संप्रेरकांना किती प्रतिसाद देतात, हे मोठ्या प्रमाणात आनुवंशिकतेने ठरते. त्यामुळे समान संप्रेरक पातळी असलेल्या दोन स्त्रियांमध्ये केसांचे प्रमाण बरेच वेगळे असू शकते. दक्षिण आशिया, पश्चिम आशिया आणि भूमध्य सागराभोवतालच्या प्रदेशांतील स्त्रियांमध्ये ते पूर्व आशियातील स्त्रियांपेक्षा सामान्यतः अधिक आढळते.

## अतिरोमता

स्त्रियांमध्ये हनुवटी, छाती, पाठ यांसारख्या ठिकाणी पुरुषांप्रमाणे जाड व गडद केस येण्याला अतिरोमता म्हणतात. प्रजननक्षम वयातील सुमारे ५ ते १० टक्के स्त्रियांमध्ये ती आढळते. तिचे मोजमाप करण्यासाठी १९६१ मध्ये फेरिमन व गॅलवे यांनी एक पद्धत मांडली. तिच्या सुधारित रूपात शरीरावरील ९ ठिकाणांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. किती गुणांपासून अतिरोमता मानावी, याची मर्यादा वेगवेगळ्या लोकसमूहांसाठी वेगवेगळी आहे.

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस) हे अतिरोमतेचे सर्वांत सामान्य कारण आहे. अधिवृक्क ग्रंथींचे विकार, काही औषधे आणि क्वचित प्रसंगी गाठी ही अन्य कारणे होत. काही स्त्रियांमध्ये मात्र कोणताही विकार आढळत नाही. केसांची वाढ अचानक व झपाट्याने झाली, मासिक पाळी अनियमित झाली किंवा आवाज जाड होऊ लागला, तर वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. लाजेमुळे केस काढून लक्षण झाकले गेल्यास मूळ विकाराचे निदान लांबू शकते.

## इतिहास

### प्राचीन भारत

प्राचीन भारतीय ग्रंथांत शरीरकेसांचा उल्लेख अनेक संदर्भांत येतो. *चरकसंहिते*त ज्या आठ प्रकारच्या शरीरांना निंद्य म्हटले आहे, त्यांत अतिशय केसाळ आणि केस अजिबात नसलेले अशा दोन्हींचा समावेश आहे. *मनुस्मृती*च्या तिसऱ्या अध्यायातही विवाहासाठी अतिकेसाळ आणि केशहीन अशा दोन्ही कन्या वर्ज्य सांगितल्या आहेत. स्त्रीच्या शरीराची पारख विवाहाच्या निमित्ताने करण्याची दृष्टी येथे दिसते; परंतु पूर्ण केशविरहितता हा येथे आदर्श नाही. *सुश्रुतसंहिते*त केस काढण्याचे उपाय आहेत, पण ते व्रणोपचाराच्या संदर्भात येतात.

संस्कृत काव्यात नाभीच्या वरची केसांची बारीक रेषा, म्हणजे रोमराजी किंवा रोमावली, हे तारुण्याचे व सौंदर्याचे लक्षण मानले गेले. कालिदासाच्या *कुमारसंभव*ाच्या पहिल्या सर्गातील पार्वतीच्या वर्णनात तिचा उल्लेख आहे.

### पश्चिम आशिया

इस्लामी परंपरेत काखेतील व जांघेतील केस काढणे हा शारीरिक स्वच्छतेचा भाग मानला जातो आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. साखरेच्या पाकाने आणि दोऱ्याने केस काढण्याच्या पद्धती या प्रदेशात दीर्घकाळ प्रचलित आहेत. याच प्रदेशात वेगळा सौंदर्यसंकेतही होता. इतिहासकार अफसाने नजमाबादी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, एकोणिसाव्या शतकातील काजार काळात इराणमध्ये स्त्रीच्या ओठांवरील पुसट लव सुंदर मानली जात असे.

### अमेरिका व विसावे शतक

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत स्त्रियांचे हातपाय बहुतांशी वस्त्रांनी झाकलेले असत. बिनबाह्यांचे पोशाख आल्यावर काखेतील केस दिसू लागले आणि जाहिरातींनी त्यांना 'नकोसे' ठरवले. १९१५ मध्ये जिलेट कंपनीने स्त्रियांसाठी स्वतंत्र रेझर बाजारात आणला. पुढे आखूड झग्यांबरोबर पायांवरील केसांकडे लक्ष वळले. दुसऱ्या महायुद्धात नायलॉनच्या टंचाईमुळे लांब मोजे मिळेनासे झाले आणि पायांवरील केस काढण्याची सवय अधिक पसरली.

या निकषासाठी काही स्त्रियांनी आरोग्याची मोठी किंमत मोजली. १९२० च्या दशकात केस काढण्यासाठी क्ष-किरणांचा वापर करणारी सौंदर्यकेंद्रे लोकप्रिय होती. त्यामुळे अनेक स्त्रियांच्या त्वचेवर व्रण पडले आणि काहींना पुढे कर्करोग झाला. १९३० च्या दशकात 'कोरेम्लू' या थॅलियमयुक्त मलमामुळे विषबाधा झाल्या. अशा घटनांमुळे प्रसाधनांवर नियंत्रणाची मागणी वाढली आणि १९३८ च्या अमेरिकी अन्न, औषध व प्रसाधन कायद्याने प्रसाधने प्रथमच संघराज्याच्या देखरेखीखाली आली.

## भारतातील प्रथा

महाराष्ट्रात अर्भकाच्या अंगावरची लव जावी म्हणून कणकेचा किंवा डाळीच्या पिठाचा गोळा अंगावरून फिरवण्याची प्रथा आहे. ही लव आपोआप गळत असल्याने त्याची वैद्यकीय गरज नसते, आणि जोराने घासल्यास कोवळ्या त्वचेला इजा होऊ शकते. भुवया कोरणे, ओठांवरची लव काढणे आणि हातापायांचे वॅक्सिंग या सेवा आता शहरांप्रमाणे लहान गावांतील ब्यूटी पार्लरमध्येही मिळतात. लग्नापूर्वी त्या करून घेणे अनेक कुटुंबांत गृहीत धरले जाते.

शीख धर्मात केस न कापणे हे आचरणाचे महत्त्वाचे अंग आहे. शीख अल्पसंख्याक संस्थेच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाने भुवया कोरल्याच्या कारणावरून विद्यार्थिनीला शीख राखीव जागेवर प्रवेश नाकारला होता. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो निर्णय योग्य ठरवला. केस काढण्याची सक्ती जशी असते, तशी ते न काढण्याचीही असू शकते, हे या प्रकरणातून दिसते.

## केस काढण्याच्या पद्धती

* दाढी करणे : केस त्वचेलगत कापले जातात. मूळ तसेच राहत असल्याने ते काही दिवसांत पुन्हा दिसतात.
* वॅक्सिंग व थ्रेडिंग : केस मुळासह उपटले जातात. परिणाम काही आठवडे टिकतो. पुरळ किंवा आतल्या आत वाढणारे केस असे त्रास होऊ शकतात.
* केशनाशक मलम : थायोग्लायकोलेट क्षारांमुळे केसांतील केराटिन मऊ होऊन तुटते. त्वचेची आग होण्याची शक्यता असते.
* विद्युत-अपघटन : सूक्ष्म सुईतून प्रवाह देऊन एकेक केशपुटक नष्ट करतात. या तंत्राचा उगम १८७५ मध्ये पापणीचे केस काढण्याच्या नेत्रोपचारात आहे.
* लेसर : केसांतील मेलॅनिन प्रकाश शोषून तापते आणि मूळ दुखावते. गडद त्वचेतही मेलॅनिन अधिक असल्याने भाजण्याचा किंवा डाग पडण्याचा धोका वाढतो. अशा त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर अधिक सुरक्षित मानला जातो.

## प्रचलित समज

दाढी केल्याने केस जाड होतात, हा समज चुकीचा आहे. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्याने तो राठ वाटतो. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच प्रयोगाने दाखवून दिले की, दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही.

शरीरकेस अस्वच्छ असतात, या समजालाही वैद्यकीय आधार नाही. नियमित धुतल्यास ते स्वच्छ राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नैसर्गिक प्रसूतीपूर्वी जांघेतील केस सरसकट काढू नयेत, अशी शिफारस केली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रेझरने केस काढणेही तिने २०१६ मध्ये अयोग्य ठरवले, कारण त्वचेवरील सूक्ष्म जखमांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

## सौंदर्यनिकष आणि वैयक्तिक निवड

१९६० व १९७० च्या दशकांतील पाश्चात्त्य स्त्रीवादी चळवळीत शरीरकेस न काढणे ही एक राजकीय भूमिका बनली. त्याआधीच मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो यांनी आपल्या आत्मचित्रांत जुळलेल्या भुवया व ओठांवरची लव ठळकपणे रंगवली होती. पीसीओएस असलेल्या ब्रिटिश शीख कार्यकर्त्या हरनाम कौर यांनी आपली दाढी राखली असून २०१६ मध्ये त्यांची गिनीज विश्वविक्रमात नोंद झाली. २०१९ मध्ये ब्रिटनमधून 'जॅन्युहेअरी' ही जानेवारी महिनाभर केस वाढवण्याची मोहीम सुरू झाली.

केस काढणाऱ्या अनेक स्त्रिया तो आपला वैयक्तिक निर्णय असल्याचे सांगतात. या निर्णयामागील दबावाचा अभ्यास अमेरिकी संशोधक ब्रिआन फाज यांनी केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात, केस वाढवण्याची केवळ कल्पना करणाऱ्या स्त्रियांना तो सहज वैयक्तिक निवडीचा प्रश्न वाटला. ज्यांनी प्रत्यक्षात केस वाढवले, त्यांना मात्र कुटुंबीय, जोडीदार व परिचितांच्या टीकेला तोंड द्यावे लागले. भारतातही २०२४ मध्ये शालान्त परीक्षेत उत्तुंग यश मिळवलेल्या एका विद्यार्थिनीची चेहऱ्यावरील केसांवरून समाजमाध्यमांवर चेष्टा झाली आणि तिच्या गुणांपेक्षा तिच्या रूपाचीच चर्चा अधिक झाली.

या कारणाने अनेक अभ्यासक 'केस काढावेत की ठेवावेत' यापेक्षा 'केस न काढल्यास स्त्रीला काय सोसावे लागते' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा मानतात. सोय, धर्म, सवय किंवा आवड म्हणून केस काढणे आणि उपहासाच्या भीतीने काढणे या दोन कृती बाहेरून सारख्याच दिसतात. त्यांतील फरक नकाराची मुभा कितपत आहे यावर ठरतो.