गोंगाटाचे गणन व औंढा नागनाथची गुरुत्वीय तरंग वेधशाळा

गुरुत्वीय तरंगांच्या अभिज्ञातकात तरंगाखेरीज जी जी हालचाल नोंदली जाते, तिला एकंदरीत गोंगाट असे म्हणतात. जमिनीचा कंप, आरशांतील रेणूंची उष्णताजन्य थरथर, प्रकाशकणांच्या संख्येतील चढउतार, विजेच्या पुरवठ्याचा गुणगुणाट हे सर्व त्यात मोडते. महाराष्ट्राच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळा गावाच्या परिसरात योजलेल्या लायगो-इंडिया वेधशाळेच्या संदर्भात या गोंगाटाच्या गणनास विशेष महत्त्व आले आहे. ज्योतिर्लिंगाच्या प्राचीन मंदिरामुळे हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला.

गुरुत्वीय तरंगामुळे अंतरात होणारा सापेक्ष बदल सु. १०⁻²¹ इतका असतो. चार किमी. लांबीच्या भुजेत हा बदल प्रोटॉनाच्या व्यासाच्या चारशेव्या हिश्शाएवढाच भरतो. त्याच्या कितीतरी पट मोठी हालचाल जमिनीत अखंड चालू असते. त्यामुळे या विषयात मापनाचे उपकरण जितके महत्त्वाचे, तितकेच गोंगाटाचे गणन करणारे संगणक-कार्यक्रमही महत्त्वाचे ठरतात, आणि ते दुसऱ्याने तपासलेले असणे हे त्याहूनही महत्त्वाचे. हा धडा या शास्त्रास प्रारंभीच मिळाला. अमेरिकन भौतिकीविज्ञ जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमाचे मोठे दंडगोल मेरिलंड व शिकागोजवळील आर्गॉन येथे बसवून १९६९ मध्ये गुरुत्वीय तरंग सापडल्याचे जाहीर केले. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी उमटणारे ठोके हा त्यांचा पुरावा होता. इतरत्र उभारलेल्या दंडगोलांत मात्र तसे काही आढळेना. पुढे रॉचेस्टर येथील डेव्हिड डग्लस यांना वेबर यांच्या संगणक-कार्यक्रमात चूक सापडली. रॉचेस्टरच्या नोंदींशीही आपल्या नोंदी जुळतात असे वेबर म्हणत; पण दोन्हीकडील घड्याळांत चार तासांहून अधिक फरक असल्याचे उघडकीस आले, म्हणजे जुळणी भिन्न वेळांच्या गोंगाटाची होती. वेबर कुशल प्रयोगकर्ते होते, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य होते. उणीव होती ती, निव्वळ योगायोगाने किती ठोके जुळतील याच्या विश्वासार्ह हिशेबाची.

गोंगाटाचे एखाद्या क्षणीचे मूल्य आधी सांगता येत नाही. परंतु प्रत्येक कंप्रतेस त्याची सरासरी शक्ती किती, हे सांगता येते. या आलेखास शक्ति-वर्णपट म्हणतात. नॉर्बर्ट वीनर (१९३०) व अलेक्सांद्र खिंचिन (१९३४) यांनी त्याचा गणिती पाया घातला. जेम्स कूली व जॉन टुकी यांची फूर्ये रूपांतर जलद काढण्याची रीत १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पीटर वेल्च यांनी १९६७ मध्ये तिचा उपयोग करून दाखविला. वेल्च यांच्या रीतीत लांब नोंदपटाचे एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे करतात, प्रत्येकाचे फूर्ये रूपांतर काढून त्याचा वर्ग करतात व सर्व वर्गांची सरासरी घेतात. तुकडे परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास शंभर तुकड्यांच्या सरासरीत सु. १० टक्के अनिश्चितता राहते. एखाद्या तुकड्यात अचानक मोठा धक्का आला, तर सरासरी बिघडते. म्हणून पुष्कळदा सरासरीऐवजी मध्यक घेतात. ही निवड किरकोळ वाटली, तरी तिच्यावर पुढील सारे गणित अवलंबून असते.

या गणितात महाराष्ट्राचा वाटा औंढ्याच्या किती तरी आधीचा आहे. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) या संस्थेत संजीव धुरंधर यांनी या विषयाचे संशोधन सुरू केले. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, परस्परांभोवती फिरत एकत्र येणाऱ्या ताऱ्यांचा संकेत शोधण्यासाठी गणिती गाळण्या कशा निवडाव्यात, याचा विचार आहे. अपेक्षित संकेताचा नमुना नोंदपटाशी ताडून पाहायचा आणि ताडताना ज्या कंप्रतांस गोंगाट अधिक त्यांना कमी वजन द्यायचे, हे तिचे सूत्र. ताऱ्यांची वस्तुमाने आधी ठाऊक नसल्याने असे असंख्य नमुने लागतात. ते किती व कोणत्या अंतराने घ्यावेत, हा खरा प्रश्न होता. त्या वेळी अशा वेधशाळा केवळ कागदावर होत्या, हे लक्षात घेता या कामातील दूरदृष्टी नजरेत भरते. खोट्या ठोक्यांस खऱ्या संकेतापासून वेगळे काढणाऱ्या सांख्यिकीय कसोट्यांचा धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एकत्रित विचार मांडला.

या रीतीचे फळ १४ सप्टेंबर २०१५ रोजी मिळाले. हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन या दोन अमेरिकन वेधशाळांत सु. ७ मिलिसेकंदांच्या अंतराने एकच संकेत उमटला. सु. अडीच लक्ष नमुने ताडून पाहण्यात आले. असा संकेत केवळ गोंगाटातून निर्माण होण्याची शक्यता किती, हे ठरविण्यासाठी एका वेधशाळेचा नोंदपट दुसऱ्याच्या तुलनेत पुनःपुन्हा ०·१ सेकंदाने सरकविला. प्रकाशास दोन्ही ठिकाणांमधील अंतर कापण्यास १० मिलिसेकंद पुरतात. तेव्हा सरकविलेल्या नोंदींतील जुळणी ही गोंगाटाचीच असणार. अशा प्रकारे १६ दिवसांच्या नोंदींपासून सु. ६,०८,००० वर्षांचा गोंगाट तयार झाला. त्यावरून असा योगायोग २,०३,००० वर्षांत एकदाही घडणार नाही, असा निष्कर्ष निघाला. वेबर यांच्याकडे नेमका हाच हिशेब पक्का नव्हता.

वेधशाळा बांधण्यापूर्वीच तिचा गोंगाट किती असेल, हे काढावे लागते. राइनर वाइस यांनी १९७२ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अहवालात व्यतिकरणमापकातील गोंगाटाच्या उगमांची एकेक करून छाननी केली होती. आज हे काम ‘जीविंक’ नावाचा संगणक-कार्यक्रम करतो. लेसरची शक्ती, आरशांचे वस्तुमान, त्यांना टांगणारे तंतू, तापमान इ. राशी त्यास पुरविल्या की, प्रत्येक उगमाचा वक्र व त्यांच्या वर्गांची बेरीज करून एकूण वक्र मिळतो. हा कार्यक्रम सर्वांस खुला असून तो वापरणाऱ्यास चूक शोधता येते, दुरुस्ती सुचविता येते आणि अनुभवी व्यक्तींचे साहाय्यही मिळते. तथापि अमेरिकेतील जमिनीचा वक्र हिंगोलीस जसाच्या तसा लावून चालणार नाही. तेथील विजेचा गुणगुणाट ६० हर्ट्‌झचा, तर भारतातील ५० हर्ट्‌झचा. समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत सु. ०·१ ते ०·३ हर्ट्‌झ कंप्रतेचे कंप उठतात व पावसाळ्यात ते वाढतात. औंढा किनाऱ्यापासून दूर असले, तरी हे कंप तेथवर पोहोचतात. १ ते १० हर्ट्‌झमधील कंप मुख्यतः वाहने, रेल्वे व यंत्रे यांचे असतात. म्हणून जागा निवडताना भूकंपलेखकांनी दीर्घकाळ नोंदी घेऊन, किती टक्के वेळ कंप किती मर्यादेत राहतो, असा सांख्यिकीय आलेख काढावा लागतो. नुसत्या सरासरीवरून शांत रात्र व गजबजलेला दिवस यांतील भेद कळत नाही.

भारतीय शास्त्रज्ञांचा इंडिगो हा गट २००९ मध्ये स्थापन झाला. लायगोचा तिसरा संच प्रथम ऑस्ट्रेलियास देण्याचा विचार होता. तो मागे पडल्यावर भारताचे नाव पुढे आले. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः व ६ एप्रिल २०२३ रोजी सु. २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मान्यता दिली. ११ मे २०२३ रोजी कोनशिला बसविण्यात आली. आयुकाखेरीज इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्था व अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय यांचा त्यात सहभाग आहे. लायगोच्या माहितीचे गणन करणारा ‘सारथी’ हा संगणक-संच आयुकात आहे. तिसऱ्या ठिकाणाचा लाभ उघड आहे. २०१५ चा संकेत आकाशाच्या सु. ६०० चौ. अंश भागातून कोठून तरी आला, एवढेच सांगता आले; १७ ऑगस्ट २०१७ चा संकेत इटलीतील व्हर्गो वेधशाळेच्या साहाय्याने २८ चौ. अंशांत बसविता आला. शिवाय दूरच्या वेधशाळांचा गोंगाट एकमेकांपासून जवळजवळ स्वतंत्र असतो. जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की, विजांमुळे पृथ्वी व आयनांबर यांदरम्यान सु. ८ हर्ट्‌झ व पुढील काही कंप्रतांस सबंध पृथ्वीभर चुंबकीय आंदोलने होतात व ती सर्व ठिकाणी एकदम नोंदली जातात.

दख्खनचा हा भाग स्थिर मानला जात असला, तरी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने त्या समजुतीस धक्का दिला. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येत असल्याचे लोक अनेकदा सांगतात. जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ४·५ व ३·६ परिमाणांचे दोन आणि १० जुलै २०२४ रोजी ४·५ परिमाणाचा एक धक्का बसला. मोठा धक्का बसला की, व्यतिकरणमापकाचे आरसे आपल्या स्थितीपासून ढळतात व ते पुन्हा स्थिर होईपर्यंत निरीक्षण थांबते. लहान धक्क्यांत निरीक्षण चालू राहते. परंतु तेवढ्या काळाच्या नोंदी खुणा करून ठेवतात व शक्ति-वर्णपट काढताना वगळतात.