जकात चुकवलेला माल आणि त्याची नावे

कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले गाव. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे आणि नदीपलीकडे बीड जिल्हा लागतो. इथून समुद्र दूर आहे, देशाची सीमा तर त्याहून दूर. तरीही ‘तस्करी’ हा शब्द या पट्ट्यात रोजच्या बोलण्यातला आहे, आणि तो बहुधा वाळूबद्दल बोलताना येतो. राज्याचे शुल्क बुडवून नेलेल्या मालाला आणि तो नेणाऱ्याला वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भाषांत कोणती नावे मिळाली हे पाहिले, की प्रत्येक राजवटीने कशावर आपला हक्क सांगितला आणि लोकांनी तो किती मानला, हे कळते.

‘तस्कर’ हा मूळचा संस्कृत शब्द आणि त्याचा अर्थ साधा ‘चोर’. अमरकोशात तो स्तेन, दस्यू, मोषक या शब्दांच्या पंगतीत येतो. यजुर्वेदातल्या रुद्राध्यायात तर रुद्राला तस्करांचा अधिपती म्हणून वंदन केले आहे. नाका, शुल्क किंवा सीमा यांच्याशी या शब्दाचा तेव्हा काही संबंध नव्हता. शुल्क चुकवण्याचा गुन्हा मात्र जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. नाक्यावरच्या ध्वजापुढून शुल्क न भरता निघून जाणाऱ्याला त्यात शुल्काच्या आठपट दंड सांगितला आहे आणि खोटी मुद्रा लावणाऱ्यालाही तेवढाच. मनुस्मृतीतही शुल्कस्थान टाळून जाणाऱ्याला आठपट दंड आहे. या ग्रंथांत अपराधाचे वर्णन पुरते सविस्तर आहे, पण तो करणाऱ्याला ‘तस्कर’ म्हटलेले नाही. तो राज्याचे देणे चुकवणारा व्यापारी आहे, आणि त्याची शिक्षाही त्या देण्याच्या पटीतच मोजली आहे.

मध्ययुगात मराठी मुलखात ‘जकात’ हा शब्द रुजला. अरबीत तो धार्मिक दानाचा शब्द. दख्खनच्या कारभारात मात्र तो व्यापारी मालावरच्या कराला लागला. जकात म्हणजे केवळ तिजोरीची भर नव्हती. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला पाठवलेले पत्र याचा उत्तम पुरावा आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडे आणि त्यामुळे स्वराज्यातल्या मिठाला गिऱ्हाईक राहत नसे. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवण्याचा हुकूम या पत्रात आहे. दोन मुलखांत एकाच वस्तूच्या भावात अशी तफावत पडली, की आडवाटेने माल नेण्यात नफा निर्माण होतो. या नफ्यातूनच चोरटा व्यापार जन्माला येतो, आणि हे सूत्र पुढच्या प्रत्येक शतकात तसेच राहिले.

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग एकत्र करून झाला. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. मीठ, विलायती कापड, यंत्रे असा बाहेरचा माल ब्रिटिश हद्दीतूनच येई. पश्चिमेला नाशिक आणि अहमदनगर हे मुंबई इलाख्याचे जिल्हे होते, तर उत्तरेला बुलढाणा हा वऱ्हाडचा जिल्हा १८५३ पासून ब्रिटिशांच्या कारभाराखाली गेला होता. ब्रिटिशांशी झालेल्या १८०२ च्या व्यापारी तहात ठरलेला जकातीचा दर शेकडा पाच होता. ही जकात घेणाऱ्या खात्याचे नाव ‘करोडगिरी’. अकबराने १५७४-७५ च्या सुमारास एक कोट टंके उत्पन्नाच्या मुलखावर नेमलेला अधिकारी तो ‘करोडी’. जमीनमहसुलातला हा शब्द हैदराबादेत सीमाशुल्काच्या खात्याला चिकटला आणि मराठवाड्याच्या बोलीत ‘करोडगिरीचा नाका’ म्हणून पक्का झाला.

सीमेच्या दोन बाजूंना नाणीही वेगळी होती. संस्थानात हाली रुपया चाले, ब्रिटिश हद्दीत कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. त्यामुळे मनमाडच्या बाजूने माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला मालाची किंमत, नाण्याचा बट्टा आणि करोडगिरी असा तिहेरी हिशेब करावा लागे. ज्याला तो हिशेब परवडत नसे त्याची नजर नाक्यापासून दूरच्या पायवाटेकडे जाई. ‘चोरवाट’ हा शब्द मराठीत आधीच होता. वाट चोरटी म्हणून तिच्यावरून आलेला मालही चोरटा ठरला.

१९४७-४८ मध्ये या नाक्यांचा अर्थ पालटला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाके हे हल्ल्याचे ठरलेले लक्ष्य होते. उमरखेडसारख्या सीमेलगतच्या ठिकाणी उभारलेल्या छावण्यांतून कार्यकर्ते संस्थानात शिरत, नाके जाळत आणि दप्तर नष्ट करत. नाका हे निजामी सत्तेचे गावाच्या वेशीजवळ दिसणारे रूप होते. भारताने संस्थानाची आर्थिक कोंडी केली, तेव्हा सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमानाने निजामाकडे शस्त्रे पोचवली. एकाच सीमेवर एका बाजूचे लोक नाके मोडत होते आणि दुसऱ्या बाजूची राजवट चोरून शस्त्रे आणत होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थानाची राजवट संपली. त्यानंतर हैदराबाद भारतीय संघराज्याच्या अर्थव्यवस्थेत सामावले गेले आणि करोडगिरी इतिहासजमा झाली.

हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू आणि कन्नड या भाषांचे प्रदेश होते. तेलुगूत या धंद्याला ‘दोंगरवाणा’ म्हणतात आणि कन्नडात ‘कळ्ळसागणे’. दोन्हींत पहिला भाग चोर आणि दुसरा वाहतूक. बंगालीतले ‘चोराचालान’ आणि मराठीतली ‘चोरटी वाहतूक’ याच घडणीची आहेत. गुजराती ‘दाणचोरी’ अधिक नेमकी आहे. दाण म्हणजे जकात, म्हणून चोरी मालाची नसून जकातीची, हे त्या शब्दातच सांगून टाकले आहे. तमाशाच्या गवळणीत कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवून जे मागतात ते हेच दान. तमिळमधला ‘कडत्तल’ हा शब्द माल एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याच्या क्रियेवरून आला आहे. त्यात चोर नाही.

दूरच्या भाषांत आणखी वेगळी चित्रे दिसतात. अरबीत ‘तहरीब’ म्हणजे पळवून नेणे. तुर्कीतला ‘काचाकचिलिक’ आणि फारसीतला ‘काचाक’ हे पळण्याचा अर्थ असलेल्या तुर्की धातूवरून आले. इटालियन ‘कोंत्राबांदो’ म्हणजे जाहीरनाम्याविरुद्ध केलेली गोष्ट. त्याचेच ‘कोंत्राबांदु’ हे पोर्तुगीज रूप गोव्याच्या कारभारात वावरले. इंग्रजी ‘स्मगल’ सतराव्या शतकात डच आणि खालच्या जर्मन बोलींतून आला. इटालियन-पोर्तुगीजमध्ये राजाज्ञेचा भंग, अरबी-तुर्कीत पळवापळवी आणि भारतातल्या बऱ्याच भाषांत चोरी, असा हा फरक आहे.

स्वातंत्र्यानंतर ‘स्मगलिंग’ मराठीत आहे तसाच शिरला. परकीय चलनाची टंचाई, सोन्यावरचे निर्बंध आणि आयातीवरचे भारी शुल्क यांमुळे कोकण किनाऱ्यावर सोने, घड्याळे आणि कापड उतरू लागले. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे असल्याने सावंतवाडीच्या बाजूलाही हीच स्थिती होती. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात या गुन्ह्याची व्याख्या जप्तीस पात्र ठरणाऱ्या मालाच्या आधारे केली आहे. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आणि १९७४ चा ‘कॉफेपोसा’ हा तस्करीविरोधी स्थानबद्धता कायदा त्यानंतर आले. बोलीभाषेने ‘दोन नंबरचा माल’ हे नाव दिले. लेखी मराठीला मात्र स्वतःचा शब्द हवा होता. वृत्तपत्रे आणि सरकारी मराठी यांनी ‘तस्कर’ हा जुना शब्द उचलला आणि ‘तस्करी’ रूढ झाली. साध्या चोराचे नाव असे सीमेवरच्या गुन्हेगाराला मिळाले.

या शब्दाची पहिली मोठी कसोटी मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या शेतात लागली. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही, असा नियम झाला. शेजारच्या राज्यात भाव चढा असला, की कापूस रात्री सीमेपलीकडे जाऊ लागला. सरकारी कागदात ती चोरटी वाहतूक होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने कापूस त्याच्या रानातला, घामाचा. स्वतःचाच माल नेणारा चोर कसा, हा त्याचा सवाल होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतमालावरच्या अशा बंधनांविरुद्ध लढा दिला. कायद्याने लावलेले नाव समाजाने स्वीकारलेच पाहिजे असे नाही, हे कापसाने दाखवले.

माणसांच्या बाबतीत हा शब्द अपुरा पडतो. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात ‘माणसांचा अपव्यापार’ असे म्हटले आहे. बातम्यांत मात्र ‘मानवी तस्करी’ येते. आंतरराष्ट्रीय कायदा दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. फसवून किंवा जबरदस्तीने माणसाचे शोषण करणे ही एक, आणि स्थलांतरिताला पैसे घेऊन बेकायदा सीमा पार करून देणे ही दुसरी. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली या दोन्हींसाठी स्वतंत्र करार स्वीकारले. मराठीत दोन्हींना ‘तस्करी’ म्हटले, की शोषित माणूस आणि स्वेच्छेने निघालेला माणूस यांतला भेद पुसला जातो. ‘अपव्यापार’ हा संविधानातला शब्द अधिक काटेकोर आहे आणि तो वापरात राहायला हवा.

गोदाकाठची वाळू हे या शब्दाचे सर्वांत नवे क्षेत्र. वाळू हे गौण खनिज असून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमानुसार विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. शुल्काच्या आठपटीचा कौटिल्याचा दंड आणि हा दंड एकाच विचाराचे आहेत. पुढे १९८१ च्या धोकादायक व्यक्तींविषयीच्या स्थानबद्धता कायद्यात दुरुस्ती होऊन ‘वाळू तस्कर’ हे नाव थेट कायद्यात आले. इथे कोणतीही सीमा ओलांडली जात नाही. वाळू नदीच्या पात्रातून निघते आणि ट्रॅक्टर किंवा हायवा ट्रकमधून जवळच्या बांधकामावर जाते.

तरीही इथे ‘तस्कर’ हा शब्द आपल्या मूळ अर्थाला धरून बसतो. मीठ, कापड किंवा कापूस विकणाऱ्याच्या मालकीचा होता. त्याने चुकवले ते शुल्क किंवा मोडला तो नियम. वाळू मात्र काढणाऱ्याच्या मालकीची नसते. बुडालेली रॉयल्टी दंडातून वसूल होऊ शकते, पण उपसलेले पात्र तसे भरून येत नाही. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते, आणि ती गेली की काठच्या विहिरींची पातळी खाली जाते. मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या प्रदेशात हे नुकसान काठावरच्या प्रत्येक गावाचे असते. म्हणून वाळूची तस्करी ही केवळ महसूल खात्याची बाब न राहता नदीवर जगणाऱ्या सगळ्यांच्या मालमत्तेची चोरी ठरते.