थीम पार्कला सगळं घर निघालंय, पण प्रत्येकाची हौस वेगळी. मग दिवस कसा आखायचा?

मुंबई-पुणे मार्गावर खोपोलीजवळ असलेल्या इमॅजिकाच्या गेटवर एखादं सहा-सात जणांचं कुटुंब उतरतं. दहावीतल्या मुलाला सगळ्यात आधी 'नायट्रो' गाठायची असते. पाच वर्षांच्या मुलीला गोल फिरणारे घोडे हवे असतात. बाबांना तिकिटाचे पैसे वसूल करायचे असतात आणि आजीला सावलीत बसायला जागा हवी असते. आई मात्र संध्याकाळपर्यंत बाकावर बसून सगळ्यांच्या बॅगा आणि चपला सांभाळत राहते.

अशा सहलीत रुसवेफुगवे होतात. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे सगळ्यांनी दिवसभर एकत्रच फिरायचं हा हट्ट.

थीम पार्कची कल्पना आली कुठून?

वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कला घेऊन जायचे. मुली पाळण्यावर बसायच्या आणि ते बाकावर बसून बघत राहायचे. आईवडील आणि मुलं दोघांनाही मजा येईल अशी जागा हवी, हा विचार त्यांच्या मनात तिथे आला, असं ते स्वतः सांगायचे. पुढे 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं. म्हणजे बाकावर नुसतं बसून राहणाऱ्या माणसाचा विचार या कल्पनेच्या मुळाशीच आहे.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण वेळेची. गर्दीच्या दिवशी मोठ्या राइडची रांग तासभराची असू शकते आणि राइड मात्र दोन-तीन मिनिटांत संपते. त्यामुळे एका दिवसात 'सगळं' होत नाही.

दुसरी अडचण उंचीची. वेगवान राइड्सना किमान उंचीची अट असते. नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये पायाखाली फरशी नसते आणि प्रवासी पाच वेळा उलटे होतात. तिथे लहान मुलांना प्रवेश मिळत नाही. रांगेत उभं राहिल्यावर हे कळलं, तर रडारड ठरलेली.

तिसरी अडचण तब्येतीची. हृदयविकार, पाठदुखी, उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी अशा राइड्स टाळाव्यात, अशा सूचना तिथेच लावलेल्या असतात.

मग करायचं काय?

यादी घरीच करा. प्रत्येकाने आपली एकच 'ही झालीच पाहिजे' अशी गोष्ट सांगायची. आजीलाही विचारायचं. 'मला काही नको' हे उत्तर लगेच मान्य करू नका. उंचीच्या अटी पार्कच्या वेबसाइटवर आधी बघा आणि घरीच मुलांची उंची मोजा.

सकाळ वेगळी, दुपार एकत्र. गेट उघडल्यावर पहिला तास-दीड तास रांगा तुलनेने लहान असतात. त्या वेळात मोठ्या मुलांना एका मोठ्या माणसासोबत वेगवान राइड्सकडे पाठवा आणि बाकीच्यांनी लहानांच्या भागाकडे जा. उन्हाच्या वेळी सगळ्यांनी आत बसून करायच्या गोष्टी निवडा. 'अलीबाबा और चालीस चोर'मध्ये गाडीत बसून बंदुकीने निशाणे साधायचे असतात. त्यात नातू आणि आजोबा एकाच गाडीत बसू शकतात.

पाळीपाळीने बसा. डिस्नेच्या पार्कमध्ये यासाठी 'रायडर स्विच' नावाची सोय आहे. आई लहान बाळाजवळ थांबते, बाबा राइड करून येतात आणि मग आईला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. दुसऱ्या पार्कमध्ये अशी सोय आहे का, ते गेटवरच विचारून घ्या. नसेल, तर पाळी कोणाची हे आधी ठरवा. नाहीतर दर वेळी थांबणारी व्यक्ती तीच राहते.

बॅगा लॉकरमध्ये टाका. पार्कमध्ये लॉकर भाड्याने मिळत असेल, तर ते भाडं वाचवू नका. ते वाचवण्यासाठी एका माणसाचं पूर्ण तिकीट वाया जातं.

भेटीची जागा आणि वेळ ठरवा. फक्त फोनवर विसंबून राहू नका. राइडमध्ये फोन जवळ ठेवता येत नाही. 'एक वाजता, अमुक हॉटेलसमोर' असं स्पष्ट ठरलेलं बरं.

दिवस निवडताना

शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांमध्ये गर्दी असतेच. पण हिवाळ्यात शाळांच्या सहली कामाच्या दिवशी येतात, हेही लक्षात ठेवा. देखभालीसाठी काही राइड्स बंद असतात, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा.

एवढं करूनही कोणाची तरी एखादी राइड राहणारच. ती मुलाची राहिली, तर तो गाडीत बसेपर्यंत कुरकुर करेल आणि विसरेल. आईची राहिली, तर ती काही बोलणार नाही. म्हणून घरी यादी करताना पहिलं नाव तिचं लिहा.